वजन उतरवायचं तर कॅलरीच बघा, बाकी सगळं नंतर

मोजूनमापून:
परवा आमच्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपमध्ये जोरदार वाद झाला म्हणून इथे लिहितोय. एक काका ठामपणे म्हणाले की कॅलरी मोजणं हे खूळ आहे, फक्त इन्सुलिन (रक्तातली साखर पेशींत पोचवणारं हार्मोन) ताब्यात ठेवा मग काय हवं ते पोटभर खा, वजन आपोआप उतरतं. मला हे अजिबात पटत नाही. का ते मांडतो, ज्यांना खोडायचंय त्यांनी जरूर खोडा.

आपल्याकडे गेली काही वर्षं घरोघरी दोन पक्ष झालेत. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात (मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा) की दिवसातून दोनदाच जेवा, कडक भूक लागेल तेव्हा, ५५ मिनिटांत आटपा, मधे काही नको, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगतात थोड्या थोड्या वेळाने खा, उपाशी राहू नका, घरचं वरणभात-तूप सोडू नका. दोघांचं म्हणणं बरोब्बर उलटं, तरी दोन्हीकडची माणसं दहा-दहा किलो उतरवून बसलीत आणि ती खोटं बोलत नाहीयेत. मग हे होतं कसं? दोनदाच जेवणाऱ्याचं चहाबरोबरचं बिस्किट, चार वाजताचा चिवडा, रात्रीचं आईस्क्रीम हे सगळं एका फटक्यात सुटतं. आणि मधे मधे मूठभर चणे-फुटाणे, एखादं फळ खाणारा रात्री जेवणावर तुटून पडत नाही. दोघांच्याही पोटात आधीपेक्षा कमी जातं, एवढं एकच दोघांत सारखं आहे.

अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत मार्क हॉब नावाचे पोषणशास्त्राचे प्राध्यापक आहेत, त्यांनी २०१० मध्ये दहा आठवडे मुख्यतः क्रीमचे केक, बिस्किटं, चिप्स असलं खाल्लं, फक्त दिवसाचा एकूण आकडा १८०० कॅलरीच्या आत ठेवला. वजन १२ किलोने उतरलं आणि वाईट कोलेस्टेरॉलही कमी झालं. मी कुणाला केक खा म्हणत नाहीये. पण गोड खाऊन इन्सुलिन वाढतं म्हणून वजन उतरूच शकत नाही असं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला हवं.

दुसरं म्हणजे स्टॅनफर्डचा २०१८ चा अभ्यास. ६०९ माणसं, वर्षभर, अर्धी लो फॅट (तेल-तूप कमी), अर्धी लो कार्ब (भात-पोळी-साखर कमी). वर्षाअखेरी एका गटाचं सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६. फरक नगण्य. कुणाचं शरीर इन्सुलिन किती सोडतं यावरून कुणाला कुठलं डाएट लागू पडेल हे सांगता येतं का तेही तपासलं होतं, नाही सांगता आलं.

आणि आपले उपास. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण काही उगाच नाही पडलेली. साबुदाण्याच्या खिचडीची एक डिश घ्या, ५० ग्रॅम कोरडा साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचं कूट, दोन चमचे तूप, अर्धा बटाटा, साडेचारशे कॅलरी झाल्या. वर दही-साखर, संध्याकाळी वेफर्स, केळं, खजूर. आणि मग उपास करूनही वजन का उतरत नाही असं विचारायचं.

शेपूमेथी:
असहमत, आणि तुमच्याच उदाहरणांवरून असहमत :)

स्टॅनफर्डच्या त्या ६०९ लोकांना कॅलरी मोजायला सांगितलंच नव्हतं हो! कुठल्याच गटाला आकडा दिला नव्हता. दोन्ही गटांना सांगितलं होतं भाज्या भरपूर खा, साखर आणि मैदा शक्य तितका टाळा, घरी रांधलेलं खा. एवढ्यावर लोकांचं खाणं आपोआप कमी झालं. म्हणजे तुम्ही कॅलरीच्या बाजूने साक्षीदार आणलात आणि तो आमच्या बाजूने बोलला. हॉब साहेबांचं म्हणाल तर तो एक माणूस, त्यातही तो रोज प्रोटीन शेक, मल्टिव्हिटॅमिन आणि थोडी भाजी घेत होता. आणि तो पोषणशास्त्राचा प्राध्यापक, तो भूक मारून दहा आठवडे काढू शकतो. दिवसभर ऑफिस करून सातची लोकल पकडून घरी येणारी बाई केक खाऊन १८०० वर थांबेल का?

खरा अभ्यास बघायचा तर केव्हिन हॉल यांचा बघा, २०१९ चा, अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेतला. वीस माणसांना महिनाभर तिथेच ठेवलं, दोन आठवडे पाकिटातलं अल्ट्रा प्रोसेस्ड खाणं आणि दोन आठवडे साधं घरगुती पद्धतीचं. समोर ठेवलेल्या जेवणात कॅलरी, साखर, फॅट, फायबर, प्रोटीन सगळं सारखं, आणि सांगितलं हवं तेवढं खा. पाकिटातल्या जेवणावर तीच माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन उठली, दोन आठवड्यांत जवळपास एक किलो वाढलं, साध्या जेवणावर तेवढंच उतरलं. माणसं तीच, मनोनिग्रह तोच. बदललं ते ताटातलं अन्न. मग सल्ला काय द्यायचा, आकडा सांभाळा की अन्न बदला?

तुमच्या खिचडीसमोर मी माझं ताट ठेवते. एक ज्वारीची भाकरी (५० ग्रॅम पिठाची), चमचाभर तेलातली मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, पेलाभर ताक. हेही चारशे-सव्वाचारशेच्या घरात जातं. पण प्रोटीन खिचडीच्या दुप्पट, आणि भाकरी-उसळ चावायला जो वेळ लागतो तेवढ्यात खिचडीची दुसरी डिश होते. दुपारी बारा वाजता दोन्ही खाऊन बघा आणि चार वाजता कुणाला काय खावंसं वाटतंय ते इथे येऊन सांगा.

मोजूनमापून:
शेपूमेथी, प्रतिसाद आवडला. पण हॉलच्या अभ्यासात वजन वाढलं ते ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या म्हणूनच ना? उसळ-भाकरी चांगली हे मान्यच आहे, ती चांगली का, तर तिने कमी कॅलरीत पोट भरतं. फिरून माझ्याच मुद्द्यावर आलात.

शेपूमेथी:
नाही आले. कॅलरी कमी गेल्या तर वजन उतरतं हे मीही नाकारत नाहीये. माझा विरोध त्या "च" ला आहे, कॅलरी"च" बघा. आकडा हा परिणाम आहे, हातात धरायची गोष्ट नाही. आणि तो आकडा तरी खरा कुठे असतो? बदामाच्या पाकिटावर २८ ग्रॅमला १७० कॅलरी लिहितात, २०१२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी माणसांना बदाम खायला घालून मोजलं तर शरीराला १२९च मिळत होत्या, उरलेलं न पचता बाहेर. बदाम जर पंचवीस-तीस टक्के चुकत असेल तर तुमचं कॅलरी मोजायचं ॲप काय मोजतंय?

सांजवेळ:
पहिल्यांदाच लिहितेय. मला थायरॉइड आहे आणि पीसीओएस (पाळी बिघडवणारा हार्मोनचा त्रास) पण. एका आहारतज्ज्ञांकडे गेले होते, त्यांनी न विचारता १२०० कॅलरीचा छापील कागद हातात ठेवला, मी खाते काय, झोपते किती, गोळी कधी घेते काहीही नाही. काटा हलेना तेव्हा म्हणाल्या तुम्ही लपून खात असणार. सासूबाईंसमोर. तेव्हापासून "कॅलरी इन कॅलरी आउट" हे शब्द ऐकले की मला राग येतो, कारण त्याचा अर्थ शेवटी एवढाच काढला जातो की वजन उतरत नाही म्हणजे बाई खोटारडी आहे. तुमचं गणित बरोबर असेलही, पण ते वापरलं कसं जातं तेही बघा.

जोरबैठक:
दोन्ही पार्ट्या काट्यावरच्या किलोबद्दलच बोलतायत, उतरलं काय ते कुणी विचारत नाहीये. चरबी की स्नायू?

शिकागोचा २०१० चा छोटा पण मस्त अभ्यास आहे. दहा माणसं, १४ दिवस, तंतोतंत त्याच कॅलरी, एकदा रात्री साडेआठ तास अंथरुणात आणि एकदा साडेपाच. दोन्ही वेळा वजन सारखंच उतरलं, साधारण तीन किलो. पण कमी झोपेत चरबी जाण्याचं प्रमाण ५५ टक्क्यांनी घटलं, त्याऐवजी स्नायू गेले. काटा म्हणणार शाब्बास, आणि आत उलटाच कारभार. २०१६ मध्ये कॅनडात ४० तरुणांवर केलेलं पण बघा, दोघांनाही गरजेपेक्षा ४० टक्के कमी कॅलरी, दोघांनाही दणकून व्यायाम, फक्त एका गटाला प्रोटीन दुप्पट. त्या गटाची चरबी ४.८ किलो गेली, दुसऱ्याची ३.५, आणि वर स्नायू किलोभर वाढले.

आपल्याला तर हे जास्तच लागू होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलेला फोटो आहे, दोघे शेजारी उभे, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. किडकिडीत दिसणारा आपला माणूस आतून चरबीचा असतो, त्याला नुसतं कमी खा सांगितलं तर आहेत ते स्नायू पण जातील. त्यामुळे मी तरी आधी प्रोटीन आणि बैठका सांगतो, मग कॅलरी.

मोजूनमापून:
जोरबैठक, हा मुद्दा मात्र दमदार आहे, याला माझ्याकडे उत्तर नाही आणि देणारही नाही. माझं म्हणणं वजनापुरतं आहे, तब्येतीपुरतं नाही.

सांजवेळ, तुमच्याशी जे वागले ते अत्यंत वाईट होतं. माझ्या शीर्षकाने तशा लोकांना बळ मिळू नये.

आहारवाली:
मी याच व्यवसायात आहे म्हणून थोडं लिहिते. सांजवेळताई, पहिल्याच भेटीत न विचारता कागद देणं हे चुकलंच, आणि घरच्यांसमोर तसं बोलणं तर अक्षम्य. आता थायरॉइडबद्दल. थायरॉइड कमी असल्याने वाढणारं वजन बहुतेकांत दोन ते पाच किलोच असतं आणि त्यातही बराच भाग मीठ-पाण्याचा असतो. गोळीने टीएसएच (थायरॉइडचं काम दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) जागेवर आला की पुढची वाट इतरांसारखीच आहे, दार बंद झालेलं नाही. आधी तो रिपोर्ट बघा.

आणि मोजण्याबद्दल. १९९२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता, कितीही कमी खाल्लं तरी वजन उतरत नाही म्हणणारी माणसं घेतली आणि शास्त्रीय पद्धतीने मोजलं. ती सांगत होती त्यापेक्षा जवळपास दुप्पट खात होती, सांगण्यात ४७ टक्के कमी पडत होतं. खोटारडी होती का? मुळीच नाही. माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या डायरीत पोळ्या अचूक असतात, पण मुलाने ताटात टाकलेला अर्धा पराठा, दूध तापवल्यावरची साय, मीठ बघायला चाखलेली चमचाभर भाजी हे कधीच लिहिलेलं नसतं कारण ते जेवण म्हणून मोजलंच जात नाही. म्हणून मी कॅलरी स्वतः बघते, पण समोरच्याला सांगत नाही. आणि ज्यांचं खाण्याशी नातं आधीच ताणलेलं आहे, विशेषतः कॉलेजच्या मुली, त्यांना तर ॲप मोबाइलमधून काढायलाच लावते.

शेपूमेथी:
+१. हेच मी म्हणतेय. आणि जळणाऱ्या बाजूचं काय? टीव्हीवर वजन उतरवायची स्पर्धा असायची तिकडे अमेरिकेत, त्यातल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं होतं, २०१६ चा पेपर, हॉल यांचाच. बहुतेकांचं वजन बऱ्यापैकी परत आलेलं, आणि तरी त्यांचं शरीर वजनाच्या मानाने अपेक्षित होत्या त्याहून दिवसाला ५०० कॅलरी कमी जाळत होतं. ॲप त्यांना जो आकडा देईल तो पहिल्या दिवसापासून ५०० ने चुकलेला. ७७०० कॅलरी म्हणजे एक किलो, रोज ५५० कमी करा, पंधरवड्यात किलो गेला, हे गणित कागदावर छान दिसतं, शरीर कमी जाळायला लागलं की बसत नाही.

मोजूनमापून:
गणित हलतं हे मान्य, पण हलणारं गणित हेही गणितच. काटा अडला म्हणजे आता खर्च कमी झालाय, हिशोब परत मांडा. त्याऐवजी लोक काय करतात, डाएटच बदलतात, मग बिया, मग काढा, मग तिसरंच काही. आता ती वजनाची इंजेक्शनं आलीत भारतातही, सेमाग्लुटाइड वगैरे, ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं मोठ्या चाचणीत. ती मुख्यतः करतात काय, तर भूक कमी करतात, माणूस कमी खातो. इन्सुलिन सोडायला तर ते औषध उलट चालनाच देतं! काकांच्या थिअरीप्रमाणे वजन वाढायला हवं होतं.

शेपूमेथी:
काकांची थिअरी मी कधी धरली? इन्सुलिनच सगळं ठरवतं हे मलाही पटत नाही. पण इंजेक्शनने काय सिद्ध केलं बघा, भूक बदलली की कॅलरी आपोआप कमी होतात, मोजायला लागत नाही. म्हणजे भुकेवर काम करा.

फोडणी:
सगळं वाचलं. तुम्ही सगळे एकट्याचं ताट असल्यासारखं बोलताय. आमच्याकडे भाजी एकाच कढईत होते, सहा जणांची, त्यातली माझ्या वाटणीची कॅलरी कुठली काढू? सासऱ्यांना तेलाची तर्री दिसल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही आणि मुलं वाढत्या वयाची.

तरी मी एक केलंय ते सांगते कारण ते कुणालाही जमेल. ताट मोजायच्या भानगडीत पडले नाही, महिन्याचं सामान मोजलं. चार माणसांच्या घरात महिन्याला तीन लिटर तेल लागत असेल तर माणशी दिवसाला साधारण २३ ग्रॅम होतं, म्हणजे दोनशे कॅलरी. पाच लिटर लागत असेल तर ३८ ग्रॅम, जवळजवळ साडेतीनशे. एका पोळीहून जास्त फरक आणि ताटात काही वेगळं दिसतही नाही. साखर, शेंगदाणे, तूप, फरसाण पण असंच किराण्याच्या यादीवरून काढता येतं. आमच्याकडे तेलाची किटली काढून चमचा ठेवला फोडणीला, आणि तर्री वेगळ्या वाटीत सासऱ्यांपुरती. कुणी कुरकुर केली नाही.

मोजूनमापून, तुम्ही याला कॅलरी मोजणं म्हणाल, शेपूमेथी म्हणतील अन्न बदललं. मला दोन्ही चालेल, पण पुढच्या महिन्याची यादी करताना दोघांनीही आपापल्या घरचा तेलाचा आकडा इथे लिहा, माझा सहा माणसांत साडेचार लिटर आहे.