नोकरी सुरू असताना बेकारभत्त्याचा १०९९-जी (सरकारकडून पैसे मिळाल्याचा टॅक्स फॉर्म) आलाय, काय करू?

एडिसनकर: मी न्यू जर्सीत नोकरी करते, एकही आठवडा घरी बसलेले नाही. काल टपालात १०९९-जी आला. नाव, पत्ता, सोशल सिक्युरिटी नंबरचे (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) शेवटचे चार आकडे, सगळं माझंच. पहिल्या रकान्यात ९,००० डॉलर! मी भत्ता मागितलाच नव्हता. हे उत्पन्न टॅक्समध्ये दाखवायचं का? जीव टांगणीला लागलाय.

जर्सीकाका: अजिबात नको. जे पैसे मिळालेच नाहीत ते रिटर्नमध्ये लिहायचे नाहीत, आयआरएस (अमेरिकेचं केंद्रीय टॅक्स खातं) स्वतःच सांगतं. आधी राज्याच्या लेबर खात्याकडे फ्रॉडची तक्रार कर, दुरुस्त १०९९-जी माग. तो यायला उशीर झाला तरी रिटर्न मुदतीतच भर.

एचआरवाली: ऑफिसातही विचार गं. भत्त्याचा अर्ज आला की राज्य कंपनीला कळवतं. माझ्या टेबलावर अशी नोटीस आली तेव्हा ज्याच्या नावाने अर्ज होता तो समोरच्या खुर्चीत काम करत बसला होता. 'हा इथेच कामाला आहे' असं आम्ही त्याच दिवशी कळवलं.

एडिसनकर: तक्रार नोंदवली, नंबरही मिळाला. अजून काही?

जर्सीकाका: हो. तुझा सोशल सिक्युरिटी नंबर चोराच्या हातात आहे, हे खरं दुखणं. इक्विफॅक्स, एक्सपेरियन, ट्रान्सयुनियन, या तिन्ही क्रेडिट नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडे क्रेडिट फ्रीज कर, म्हणजे तुझ्या नावाने नवं कर्ज काढणं अवघड होईल; फुकट असतं. आयआरएसकडून सहा आकडी आयपी पिन घे, म्हणजे तुझ्या नावाने दुसरा कुणी ऑनलाइन रिटर्न भरू शकणार नाही. भत्त्याचं अनोळखी डेबिट कार्ड आलं तर ॲक्टिव्हेट करू नकोस, लेबर खात्याला कळव.