स्वतःच्याच क्लासची आतली मेथड मॉक करू नका

रात्रपाळी: पायथनमध्ये पॅच-ऑब्जेक्ट (टेस्टपुरती खऱ्या मेथडच्या जागी नकली बसवायची सोय) एका ओळीत होतं म्हणून लोक ज्या क्लासची टेस्ट लिहितायत त्याच क्लासची आतली मेथड मॉक करून, म्हणजे तिच्याऐवजी ठरलेलं उत्तर देणारी नकली ठेवून, मोकळे होतात, मला हे साफ चुकीचं वाटतं. मागच्या महिन्यातलंच सांगते. आमच्या बिलाच्या क्लासमध्ये 'एकूण' ही मेथड आतून 'सवलत'ला विचारते. 'सवलत' आधी दर द्यायची, ०.१०, आणि 'एकूण'च्या टेस्टमध्ये तेच ०.१० मॉक करून ठेवलेलं. टीममधल्या एकाने 'सवलत' बदलून थेट रुपये द्यायला लावली, तिची स्वतःची टेस्टही बदलली, पण 'एकूण'मधला गुणाकार तसाच राहिला. १२०० च्या बिलावर सवलत १२०, म्हणजे १२०० वजा १२०० गुणिले १२०, बिल उणे १,४२,८००! आणि टेस्ट सगळ्या हिरव्यागार, म्हणजे पास.

खानदेशी_कोडर: नाही पटलं. 'सवलत'मध्ये कूपन, जुनं गिऱ्हाईक, सणाची ऑफर असे सात-आठ फाटे असतील तर ते तिच्याच टेस्टमध्ये तपासायचे, 'एकूण'च्या टेस्टमध्ये परत तेवढा सगळा डेटा कशाला उभा करायचा? ऑटोस्पेक लावा, म्हणजे नकली मेथडही खरीसारखीच आर्ग्युमेंट (मेथडला द्यायची माहिती) मागेल. तुमच्याकडे दोन्ही मेथड एकत्र चालवणारी एकही टेस्ट नव्हती, दुखणं ते आहे.

रात्रपाळी: ऑटोस्पेक आर्ग्युमेंट जुळतात का तेवढंच बघतं हो, परत आलेला आकडा दर आहे की रुपये हे त्याला कुठून कळणार? आणि सगळे फाटे नकोतच, एक साधं गिऱ्हाईक, एक कूपन, खरी 'सवलत' चालू द्या. ती एवढी मोठी झाली असेल तर वेगळा क्लास करा ना.

चहा_दुसरा: मग रीट्रायचं, म्हणजे कॉल फसला की पुन्हा करून बघण्याचं, काय? मी आतल्या 'आणा' मेथडला साइड-इफेक्टमध्ये (दर कॉलला नकली मेथडने काय करायचं ते) दोन टाइमआउट आणि तिसऱ्यांदा उत्तर अशी लिस्ट देतो, तीन ओळीत काम होतं. खरं नेटवर्क दोनदा पाडू का?

रात्रपाळी: नेटवर्क मॉक कराच, पण क्लायंट (नेटवर्कशी बोलणारा ऑब्जेक्ट) क्लासला बाहेरून द्या आणि तीच लिस्ट त्याच्यावर लावा. 'आणा' खरीच चालली पाहिजे, टाइमआउट पकडते की गिळते ते तिथेच कळतं.

खानदेशी_कोडर: नवीन कोडला ठीक आहे. माझ्याकडे ९०० ओळींचा जुना क्लास आहे, कन्स्ट्रक्टरमध्येच (ऑब्जेक्ट बनताना चालणारी मेथड) डेटाबेस उघडतो, त्याला टेस्ट नसताना हात लावायची माझी तरी हिंमत नाही. आधी पॅच लावून टेस्ट, मग कोडची तोडफोड करून नवी मांडणी.

रात्रपाळी: भीती समजते, पण आतल्या मेथडचं नाव बदललं की वागणं तेच असूनही पॅच-ऑब्जेक्ट एरर देतं, म्हणजे तोडफोडीला बसलात की पहिल्या ह्याच टेस्ट पडणार, ज्यांच्या भरवशावर तुम्ही बसलात त्याच. त्यापेक्षा कन्स्ट्रक्टरला डेटाबेसचं एक आर्ग्युमेंट द्या, डिफॉल्ट नन (None, म्हणजे काहीच दिलेलं नाही), नन आला तर जुन्यासारखंच उघडायचं. दोन ओळी बदलतात, जुना कुठलाच कॉल मोडत नाही.