टक्के हाताचे वेगळे, कमाईचे वेगळे

रस्ते अपघाताच्या दाव्यात अपंगत्वाच्या दाखल्यावर जेवढे टक्के, तेवढीच भरपाई मिळते, असं काही जण म्हणतात. हे पटत नाही. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय, की डॉक्टरांचे टक्के शरीराचे असतात. दावा ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने कमाईची क्षमता किती गेली ते पाहायचं. त्यात उदाहरणच आहे: डावा हात गेला तर कारकुनाची नोकरी टिकू शकते, पण सुताराची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडते.

माझा चुलतभाऊ सुतारच. अपघात झाला तेव्हा ३८ वर्षांचा, म्हणजे गुणक (वर्षाच्या कमाईला वयानुसार ज्याने गुणतात तो आकडा) १५. कमाई महिना १५,००० धरली आणि ती पूर्ण बुडाली असं मानलं तर हिशोब २७ लाखांचा. दाखल्यावरच्या ४० टक्क्यांनी तोच १०.८० लाखांवर येतो. विमा कंपनीचा वकील ४० वरच अडून बसला होता. आम्ही दाखला देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलावलं, रंधा आता धरता येत नाही हे त्यांच्या तोंडून नोंदवून घेतलं, तेव्हा कुठे आकडा वाढला. नुसता दाखला जोडून थांबू नका, कळकळीने सांगतोय. आणि जखमी माणूस हयात असताना स्वतःच्या खर्चापोटी एकतृतीयांश कापायचा नसतो. मृत्यूच्या दाव्यातली ती वजावट इथे कुणी लावली तर तिथल्या तिथे हरकत घ्या.