इमर्जन्सीत अनामत मागणाऱ्या नर्सिंग होमची नोंदणी रद्द करावी का?

डोंगरवाट:
गेल्या वर्षी आवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत माझ्या काकांना रात्री मण्यार चावली. दिवसभर चिखलात राबून जमिनीवर अंथरूण टाकून झोपले होते. मण्यारचा दंश बऱ्याचदा कळतही नाही. पहाटे पोटात कळा सुरू झाल्या, मग पापण्या मिटायला लागल्या, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आमचं गाव अकोले तालुक्याच्या (नगरचं अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे) पश्चिम पट्ट्यात. १०८ ला फोन लागला, पण गाडी दुसऱ्या केसवर. शेवटी शेजाऱ्याची पिकअप काढली.

वाटेत एक नर्सिंग होम लागलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, तीस हजार भरा, मग सरांना उठवतो. भावाने मोबाइल काढला तर रेंज नाही. हुज्जत घालण्यात पाऊण तास गेला. काउंटरमागे ‘रुग्णहक्क सनद’ टांगलेली होती, तिच्यावर अर्धं कॅलेंडर आलेलं.

पुढच्या दवाखान्यात एका सिस्टरने नुसत्या हाताने अंबू बॅग (तोंडावर मास्क धरून श्वास देणारी पिशवी) दाबत काकांना तासभर जगवलं. काका वाचले. पण प्रश्न राहिलाच. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा १९४९ चा. २०२१ मध्ये सरकारने त्याचे नियम सुधारले. सनद लावा, दरपत्रक लावा, तक्रारीची सोय ठेवा, हे सगळं त्यात आलं. तातडीचा उपचार हा हक्क सनदेत आहे. तो पाळला नाही तर काय होतं? माझं म्हणणं, चौकशी करावी आणि थेट नोंदणी रद्द करावी. सापाची लस नसेल, मान्य. पण ऑक्सिजन, अंबू बॅग आणि पुढच्या दवाखान्याला एक फोन, एवढं तरी?

दहा_खाटा:
मी असंच नर्सिंग होम चालवतो (तुमच्या रस्त्यावरचं नाही, आधीच सांगतो!). पाऊण तास घालवला ते चूकच, त्यावर पांघरूण घालत नाही. पण उपाय चुकीचा सुचवताय.

रात्री माझ्याकडे एक बीएएमएस (आयुर्वेद पदवीधर) आरएमओ, म्हणजे ड्यूटीवरचा डॉक्टर, एक सिस्टर आणि एक मावशी. मण्यारचा पेशंट म्हणजे लसीच्या आठ-दहा कुप्या लगेच आणि श्वास बंद पडला तर व्हेंटिलेटर, तोही कदाचित कित्येक दिवस. लस फ्रीजमध्ये ठेवून ठेवून मुदत संपते, तो खर्च माझ्या खिशातून. सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत घेताना खाटांची अट आहे, म्हणजे आम्ही बाहेर. ज्यांना घेतात ते पैसे कधी येतात म्हणून वाट बघत बसतात. पेशंट दगावला की पन्नास माणसं दारात. मारहाणीविरुद्धचा २०१० चा कायदा आहे, पण त्या रात्री तो कुठे असतो?

सरकारचं काम सरकारने माझ्यावर ढकलायचं, वर माझीच नोंदणी काढून घ्यायची. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला तेव्हा तिथले खासगी डॉक्टर संपावर गेले ते याच कारणाने. इमर्जन्सी फुकट बघा म्हणे, पण पैसे कोण, कधी, कसे देणार? कायदा विधानसभेत झाला, नियम मात्र रखडले.

जुना_पुणेकर:
रडगाणं पुरे. परवडत नसेल तर पाटी उतरवा. आमच्याकडे एप्रिल २०२५ मध्ये गर्भवतीकडे दहा लाखांची अनामत मागितल्याच्या आरोपावरून केवढा गदारोळ झाला, विसरलात? डॉक्टर तुम्ही, सावकार नव्हे.

वकीलीण:
पुणेकर काका, ते धर्मादाय रुग्णालयाचं प्रकरण होतं. दोन्हींची खिचडी करू नका. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना सवलती मिळतात, म्हणून विश्वस्त कायद्याचं कलम ४१ अअ आणि २००६ ची उच्च न्यायालयाची योजना लागू होते. १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, त्यासाठी बिलातले २ टक्के बाजूला काढलेला निधी. दहा खाटांच्या डॉक्टरला कसली सवलत आहे?

तरीही डॉक्टरसाहेब, तुमची पूर्ण सुटका नाही. परमानंद कटारा खटल्यात, १९८९ ला, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जीव वाचवणं हे सरकारी-खासगी प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे. अपघाताच्या जखमीला दवाखान्याने दारातूनच दुसरीकडे पाठवलं होतं आणि तो वाटेत गेला. १९९६ च्या पश्चिम बंगालच्या निकालात रेल्वेतून पडलेल्या मजुराला एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी परत पाठवलं होतं. तिथे कोर्टाने सरकारलाच बजावलं, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. म्हणजे कर्तव्य तुमचं आणि सोय उभी करणं सरकारचं. नियमात पहिलं आलं, दुसरं नाही.

आणि डोंगरवाट, नोंदणी रद्द केलीत तर पुढच्या पावसाळ्यात त्या रस्त्यावर तेही नसेल. तो कुलूपबंद दरवाजा कुणाच्या कामाचा?

डोंगरवाट:
पण ते असून तरी कुणाच्या कामाचं होतं, ताई? दरवाजा उघडा आहे म्हणून आम्ही थांबलो. बंद असता तर सरळ पुढे गेलो असतो, पाऊण तास वाचला असता.

एकशेआठवाला:
१०८ वर डॉक्टर आहे, बीएएमएस. आमची बाजू ऐका. २०१४ मध्ये सेवा सुरू झाली तेव्हा राज्यात ९३७ गाड्या, त्यातल्या २३३ एएलएस (जीव वाचवायची प्रगत साधनं असलेल्या), बाकी बीएलएस (साध्या साधनांच्या). बीएलएसमध्ये व्हेंटिलेटर नसतो. घाटात पेशंटचा श्वास थांबला की मी एका हाताने मास्क धरतो, दुसऱ्याने बॅग दाबतो, आणि ड्रायव्हर दर वळणाला विचारतो, ‘सर, आहे ना?’

नर्सिंग होममधून पेशंट घेताना हातात मिळते चिठोरी. ‘रेफर्ड टू हायर सेंटर’, खाली न वाचता येणारी सही. काय दिलं, किती वाजता दिलं, काही नाही. पुढे फोन केलेला नसतो. तिथे पोचावं तर आयसीयू फुल. माझ्या मते भांडण अनामतीवर नकोच. ‘प्राथमिक उपचार’ म्हणजे नेमकं काय, हे नियमात दंशाला, फिटला, प्रसूतीतल्या रक्तस्रावाला वेगवेगळं लिहा. आणि पुढच्या दवाखान्याचा होकार घेतल्याशिवाय पेशंट हलवायचा नाही.

दहा_खाटा:
होकार येईपर्यंत पेशंट माझ्या टेबलावर गेला तर? जिल्ह्याला रात्री फोन कोण उचलतं ते तुम्हाला माहीत आहे, सर.

एकशेआठवाला:
माहीत आहे. चला, होकार नको, निदान कळवलं एवढं तरी. फोन केल्याची वेळ चिठ्ठीवर लिहा.

आशा_गटप्रवर्तक:
सगळे शिकलेले बोलतायत, एक आमचंही ऐका. रात्री बाई अडली की आशा सोबत जाते. नातेवाईक गडबडलेले असतात, मग काउंटरवर आशेलाच म्हणतात, ‘तू सही कर.’ जामीन आम्हीच! आम्हाला पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. वर बिलाची सही.

तक्रार करा म्हणता. कुणाकडे? ग्रामीण भागात नोंदणी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे असते. तिथे जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं. आणि ज्याच्याविरुद्ध अर्ज केला त्याच डॉक्टरकडे पुढच्या महिन्यात दुसरी बाई घेऊन जायचं असतं. म्हणून कुणी करत नाही. तक्रार आली नाही म्हणजे सगळं छान चाललंय असं कागद सांगतो.

वकीलीण:
आशाताईंचा मुद्दा सगळ्यात वजनदार. तक्रारीवर चालणारी व्यवस्था इथे लंगडीच राहणार. दर रेफर चिठ्ठीची एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. कुणी तक्रार करो न करो, दिसेल तरी कोण किती वेळात काय करतं. पैशांपुरतं म्हणाल तर रस्ते अपघातांसाठी केंद्राने मे २०२५ मध्ये कॅशलेस योजना आणलीच आहे, दीड लाखांपर्यंत, सात दिवस, ठरवून दिलेल्या रुग्णालयांत. स्थिर करण्यापुरते इतर दवाखानेही त्यात येतात. साप चावलेल्याने काय घोडं मारलंय?

जुना_पुणेकर:
पुन्हा योजना, पुन्हा पोर्टल. पोर्टलला रेंज लागते.

डोंगरवाट:
हे मात्र खरं!

डॉक्टरसाहेब, एक गोष्ट आधी लिहिली नव्हती. मण्यारच्या विषाने डोळे मिटतात, हातपाय पडतात, पण शुद्ध असते. काकांना सगळं ऐकू येत होतं. घरी आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, ‘तीस हजार कुणी भरले?’ नोंदणी रद्द करायचा हट्ट सोडतो. पण सरांना न उठवता आधी पैसे मागितले, यावर दंड हवाच, त्यावर मागे हटणार नाही.

दहा_खाटा:
दंड मान्य. आमच्याकडेही काउंटरवर पोरगाच असतो, त्याला या रविवारी अंबू बॅग दाबायला शिकवतो. सिलिंडर कोण भरून देणार ते मात्र अजून कुणीच बोललेलं नाही.