सँडवूड बे इथे पोहायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जुलैमध्ये स्कॉटलंडच्या वायव्य टोकाला सँडवूड बे या समुद्रकिनाऱ्यावर जातोय. ब्लेअरमोर या वस्तीपासून साडेसहा किलोमीटर चालतच जावं लागतं, गाडीरस्ता नाही, किनाऱ्यावर जीवरक्षकही नाहीत. मी मालवणच्या कोमट समुद्रात पोहायला शिकलो. सँडवूडला भर उन्हाळ्यातही पाणी जेमतेम १२-१३ अंश! अशा पाण्यात उतरल्या उतरल्या श्वास आवरत नाही, त्याचीच धास्ती आहे. तिथे कोणी पोहलंय का? पाण्याची ओढ कुठल्या बाजूला जास्त असते? ३ मिलिमीटर जाडीचा वेटसूट (थंड पाण्यात घालायचा रबरी पोशाख) पुरेल का? की आधी वाळूच्या टेकड्यांमागच्या गोड्या पाण्याच्या तळ्यात सराव करू? बायको सोबत असेल, पण तिला पोहता येत नाही, म्हणून जास्तच काळजी. बाहेर आल्यावर अंगात ऊब कशी आणता, तेही सांगा. परत तेवढंच चालायचं आहे.