न्यूयॉर्कचे सदर्न डिस्ट्रिक्ट कोर्ट: न्यायाधीशांची यादी कुठून सुरू करायची?

कायदेवही:
न्यूयॉर्कच्या सदर्न डिस्ट्रिक्टमधील फेडरल जिल्हा न्यायालयावर मराठीत नोंद लिहितेय. तीन ठिकाणी गाडी अडली आहे. स्थापना कुठे १७८९ दिलेली दिसते, कुठे १८१४. मग यादी जेम्स ड्युएनपासून धरायची की व्हॅन नेसपासून? न्यायाधीशांची पदे २८, पण काम करणाऱ्यांची नावे मोजली तर आकडा बराच पुढे जातो, तो कसा? आणि भारतीय राजनैतिक अधिकारी देवयानी खोब्रागडे यांच्यावरचे आरोपपत्र रद्द होऊन दोन दिवसांत पुन्हा दाखल झाले, ते कोणत्या आधारावर?

दप्तरदार:
दोन्ही साले बरोबर आहेत, फक्त ती वेगवेगळ्या न्यायालयांची आहेत. १७८९ च्या कायद्याने अख्ख्या राज्यासाठी एकच ‘डिस्ट्रिक्ट ऑफ न्यूयॉर्क’ झाले. ते ३ नोव्हेंबर १७८९ रोजी ब्रॉड स्ट्रीटवरच्या एक्स्चेंजच्या इमारतीत बसले, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्याही आधी. ‘मदर कोर्ट’ हे नाव त्यावरूनच पडले. तिथे ड्युएन, मग जॉन लॉरन्स, रॉबर्ट ट्रूप, जॉन स्लॉस होबार्ट आणि १८०५ पासून मॅथायस टॉलमॅज. १८१२ मध्ये दुसरे पद निर्माण झाले आणि त्यावर विल्यम व्हॅन नेस आले. उपाध्यक्ष आरन बर आणि माजी अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या १८०४ च्या द्वंद्वात बर यांच्या बाजूने उभे राहिलेले तेच हे.

९ एप्रिल १८१४ ला राज्याचे दोन भाग झाले. टॉलमॅज नॉर्दर्नकडे गेले, व्हॅन नेस सदर्नकडे. म्हणून सदर्नची यादी व्हॅन नेसपासून सुरू करा आणि आधीच्या पाच जणांना ‘पूर्वीचे न्यायालय’ असा वेगळा मथळा द्या. सरसकट एकच यादी केली की टॉलमॅज सदर्नचे होऊन बसतात आणि पुढचा सगळा क्रम बिघडतो. व्हॅन नेसनंतर सॅम्युएल बेट्स, १८२६ ते १८६७. विभाजनानंतर सदर्नमध्ये दुसरे पद थेट १९०३ मध्ये आले, त्यामुळे एकोणिसाव्या शतकाची यादी छोटीच राहील.

हद्दही तपासून घ्या. ब्रुकलिन, क्वीन्स, स्टेटन आयलंड १८६५ पासून ईस्टर्नमध्ये आहेत. सदर्नमध्ये मॅनहॅटन, ब्रॉन्क्स आणि उत्तरेकडच्या सहा काउंट्या येतात.

सनदशीर:
२८ हा मंजूर पदांचा आकडा आहे. वय ६५ आणि सेवा १५ वर्षे झाली की न्यायाधीशाला सिनियर स्टेटस घेता येते. वय एकेका वर्षाने वाढले की सेवेची अट तेवढीच उतरते, सत्तरीला १० वर्षे पुरतात. पद रिकामे होते, राष्ट्राध्यक्ष नवे नाव पाठवतात, पण जुने न्यायाधीश कमी खटले घेऊन काम चालू ठेवू शकतात. यादीत त्यांच्यासाठी वेगळा रकाना हवाच. ‘निवृत्त’ लिहिलेत तर माहितीच चुकेल.

तारखांचे म्हणाल तर शिफारस, सिनेटची मंजुरी आणि नियुक्तिपत्र या तिन्ही वेगळ्या असतात. सोनिया सोटोमायोर यांना मंजुरी ११ ऑगस्ट १९९२ ला मिळाली, नियुक्तिपत्र दुसऱ्या दिवशी. कार्यकाळ नियुक्तिपत्रापासून मोजा. वरच्या कोर्टात बढती मिळालेल्यांचा इथला काळ तिथेच थांबवा: लर्नेड हँड १९०९ ते १९२४, सोटोमायोर १९९२ ते १९९८. कॉन्स्टन्स बेकर मोटली यांना मात्र दोन ओळींत उरकू नका. १९६६ मध्ये त्या आल्या तेव्हा फेडरल न्यायाधीश झालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत्या, आणि १९८२ ते १९८६ त्या इथल्या मुख्य न्यायाधीश होत्या.

कलम_कोपरा:
खोब्रागडे प्रकरणात तारखाच सगळे सांगतात. डिसेंबर २०१३ मध्ये अटक झाली तेव्हा त्या वाणिज्य दूतावासात होत्या, आणि तिथल्या अधिकाऱ्यांचे संरक्षण कामापुरतेच असते. ८ जानेवारी २०१४ ला संयुक्त राष्ट्रांतील भारतीय कार्यालयातली नेमणूक मान्य होऊन पूर्ण राजनैतिक संरक्षण लागू झाले. आरोपपत्र आले ९ तारखेला. त्या दिवशी संरक्षण होते, एवढ्याच मुद्द्यावर न्या. शिरा शाइन्डलिन यांनी १२ मार्चला ते रद्द केले. आरोप खरे की खोटे यावर निकाल नव्हता, नव्या आरोपपत्राला मनाईही नव्हती. देश सोडल्यावर ते संरक्षण संपले होते, म्हणून १४ मार्चला दुसरे आले. ‘निर्दोष सुटका’ असे अजिबात लिहू नका.

खटल्यांचे क्रमांक देणार असाल तर सुरुवातीचा अंक सोडू नका. १ म्हणजे मॅनहॅटनमधले न्यायालय, ७ म्हणजे उत्तरेकडच्या व्हाइट प्लेन्स शहरातले. शेवटची अक्षरे न्यायाधीशांची आद्याक्षरे असतात. खटला दुसऱ्याकडे गेला की ती बदलतात, त्यामुळे निकाल कोणी दिला हे निकालपत्रावरूनच घ्या.

कायदेवही:
आभार, बरेच सुटले. गुलामांच्या व्यापारासाठी फाशी झालेला नॅथॅनिएल गॉर्डन न्यूयॉर्कमध्येच दोषी ठरला. तो खटला बेट्स यांच्या काळाखाली घालू का?

दप्तरदार:
नको. तो सर्किट कोर्टात चालला होता, आणि नोव्हेंबर १८६१ च्या दुसऱ्या सुनावणीला बसलेले विल्यम शिपमन कनेक्टिकटचे जिल्हा न्यायाधीश होते. त्या काळी गंभीर फौजदारी खटले आणि मोठे दिवाणी दावे सर्किट कोर्टात चालत, जिल्हा न्यायालयाकडे मुख्यतः सागरी दावे असत. सर्किट कोर्टे १९११ अखेर बंद झाली. त्याआधीचा कोणताही गाजलेला खटला घेताना निकालपत्रावर कोणत्या न्यायालयाचे नाव आहे ते पाहा. राष्ट्रीय अभिलेखागारात दोन्हींचे दप्तर २१ क्रमांकाच्याच गटात असले, तरी मालिका वेगळ्या आहेत. मागणी करताना ‘सर्किट’ की ‘डिस्ट्रिक्ट’ हे स्पष्ट लिहा.