मदत हवी आहे : १४१५ च्या इंग्लिश सरदाराच्या अंगावर काय काय असायचं, आणि त्याला इंग्रजीत म्हणतात काय?

नमस्कार मंडळी,

मुलांसाठीच्या एका चित्रकथेची चित्रं काढतेय. कथा फ्रान्समध्ये घडते, ऑक्टोबर १४१५, अ‍ॅजिंकोरच्या लढाईची पहाट. पाचव्या हेन्रीच्या सैन्यातला एक पोरगा आपल्या धन्याला चिलखत चढवतो, एवढाच प्रसंग. पण तो चार पानं चालतो. म्हणजे प्रत्येक तुकडा, प्रत्येक पट्टा, प्रत्येक बंद दिसणार.

अडचण अशी की वस्तू डोळ्यांसमोर आहे, पण तिचं नाव ठाऊक नाही. आणि नाव नसलं की शोधायचं कसं? 'मेडीव्हल आर्मर' टाकलं की निम्मी चित्रं व्हिडिओ गेममधली येतात, खांद्यावर शिंगं आणि छातीवर कवटी. उरलेल्यांत बरीचशी शंभर वर्षं नंतरची. लेखकमहाशयांनी संहितेत सगळीकडे नुसतं 'चिलखत' लिहून ठेवलंय, त्यामुळे तिकडून काही आशा नाही.

आतापर्यंत जमवलेलं सांगते. लोखंडी कड्यांचं विणलेलं ते मेल, त्याचा लांब अंगरखा म्हणजे हॉबर्क. पत्र्याचं ते प्लेट. पंजावर गाँटलेट, नडगीवर ग्रीव्ह, शिरस्त्राणाच्या पुढच्या झडपेला व्हायझर. इथे गाडी अडली.

चिलखताच्या आत घालायचा जो जाड, टाके घातलेला कोट असतो, त्याला कुठे गँबेसन म्हणतात, कुठे अ‍ॅकेटन, कुठे आर्मिंग डब्लेट. हे एकच की वेगवेगळे? वरून घालायच्या कुलचिन्हाच्या झग्याचंही तेच: सरकोट, जुपॉन, टॅबार्ड. साधा तिरंदाज काय घालायचा? आणि एका पानावर गावातली एक बाई आहे, तिचं काय? मराठी प्रतिशब्द नकोत, ते मी बघेन. शोधायला उपयोगी पडतील असे इंग्रजी शब्द द्या. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १

आधी साल पकडा, मग शब्द आपोआप गळतात. सरकोट हा बाराव्या-तेराव्या शतकातला, लांब आणि सैल, हॉबर्कवरचा. चौदाव्या शतकात तो आखूड आणि अंगाबरोबर झाला, तो जुपॉन. ब्लॅक प्रिन्स, म्हणजे इंग्लंडचा युवराज एडवर्ड, १३७६ मध्ये वारला; त्याचा जुपॉन, शिरस्त्राण आणि गाँटलेट कँटरबरी कॅथीड्रलमध्ये त्याच्या थडग्यावर टांगलेले होते, ते अजून शाबूत आहेत. 'ब्लॅक प्रिन्स अचीव्हमेंट्स' असं शोधा. टॅबार्ड त्यानंतरचा, इंग्लंडच्या राजघोषकांच्या (हेरल्ड) अंगावर तो आजही दिसतो. तुमच्या १४१५ च्या सरदाराला वरून काही न घालता नुसतं चकचकीत पोलाद दाखवलंत तरी शोभेल. त्याला 'व्हाइट हार्नेस' म्हणतात. हार्नेस म्हणजे इथे घोड्याचं सामान नव्हे, चिलखतच. 'आर्मर' ऐवजी 'हार्नेस' टाकून बघा, गेमचा कचरा बराच कमी होतो.

आतल्या कोटाबद्दल: गँबेसन जुना, जाडजूड, गरिबाला एकटासुद्धा चालायचा. अ‍ॅकेटन त्याचाच भाऊबंद. नाव अरबी 'अल-कुत्न' म्हणजे कापसावरून आलेलं. पत्र्याखाली मात्र आर्मिंग डब्लेट. पातळ, घट्ट, आणि त्याला मेण लावलेल्या दोऱ्या, ज्यांना पॉइंट्स म्हणतात. आपल्या अंगरख्याला बंद असतात ना, तसेच. फक्त या बंदांवर चिलखताचे तुकडे बांधायचे.

'चेन मेल', 'प्लेट मेल', 'स्टडेड लेदर' हे शब्द कुठे दिसले की ते पान बंद करा. यातलं शेवटचं बहुतेकदा ब्रिगँडाइन बघून झालेला घोळ असतो: बाहेर दिसतात ते नुसते रिव्हेट, खऱ्या लोखंडी पट्ट्या कापडाच्या आत.

प्रतिसाद २

चित्रांचा क्रम लावताना एक लक्षात घ्या, चिलखत पायापासून वर चढवतात. पंधराव्या शतकातल्या एका इंग्रजी हस्तलिखितात पायी लढणाऱ्याला कसं सजवायचं ते टप्प्याटप्प्याने दिलंय, त्यात पहिलं काम सॅबटन, म्हणजे बुटावरचे पत्रे. मग ग्रीव्ह, मग मांडीवरचा क्विस. गुडघ्यावरची वाटी ती पोलेन. मांडीचं वजन डब्लेटच्या बंदांवर पेललं जातं, छातीचा पत्रा चढला की तिथे हात घालणं मुश्कील. मग ब्रेस्टप्लेट, कोपराखाली व्हॅमब्रेस, कोपराला काउटर, दंडाला रिअरब्रेस. खांद्याला त्या काळी स्पॉल्डर म्हणा. पॉलड्रन हा मोठा, पसरट प्रकार नंतरचा. गाँटलेट, आणि सगळ्यात शेवटी बॅसिनेट, म्हणजे शिरस्त्राण. त्याला खाली गळ्याभोवती कड्यांची झालर असते, ती अ‍ॅव्हेंटेल.

संहितेतल्या 'चिलखता'ने गोंधळू नका. आपल्या डोळ्यांसमोर येतं ते प्रतापगडावर महाराजांनी अंगरख्याखाली घातलेलं, कड्यांचं. १४१५ च्या या सरदारावर पत्र्याचं राज्य आहे, कड्या दिसतात त्या मुख्यतः काखेत, जांघेत, गळ्याशी.

आणि कृपा करून त्याला क्रेनने घोड्यावर चढवू नका. अख्खा संच साधारण २०-२५ किलोचा, सगळ्या अंगावर वाटलेला. माणूस चालतो, वाकतो, पडला तर उठतो.

धागाकर्ती

अरे वा, खजिनाच! मूळ चित्रं कुठे बघू? आणि तिरंदाज, बाई, घोडा अजून बाकी आहेत.

प्रतिसाद ३

'मॉन्युमेंटल ब्रास' (थडग्यावरचा कोरीव पितळी पत्रा) आणि 'एफिजी' (थडग्यावरचा पुतळा) शोधा. इंग्लंडच्या चर्चमधल्या थडग्यांवर सरदार पूर्ण हत्यारबंद कोरलेले असतात, बहुतेकदा मृत्यूच्या सालासकट. लीड्सचं रॉयल आर्मरीज, लंडनचं वॉलेस कलेक्शन आणि न्यूयॉर्कचं मेट, तिन्ही संग्रहालयांच्या साइटवर भरपूर फोटो आहेत.

तिरंदाजाचं चित्र तुम्हाला सगळ्यात मजेशीर जमेल. लढाईत हजर असलेल्या वाव्रँ नावाच्या बखरकाराने लिहिलंय की बहुतेकांच्या अंगावर चिलखत नव्हतं, नुसते डब्लेट. होज गुडघ्यापर्यंत उतरवलेले, बरेच अनवाणी, कमरेला कुऱ्हाडी. काहींच्या डोक्यावर उकळून कडक केलेल्या चामड्याच्या टोप्या, काहींच्या वेताच्या, वर लोखंडी पट्ट्या. होज म्हणजे आजची विजार नव्हे: दोन सुटे पाय, वर बंदांनी बांधलेले, आत ब्रेज नावाची चड्डी. डाव्या मनगटावर ब्रेसर दाखवायला विसरू नका, नाहीतर धनुष्याची दोरी सोलून काढते.

बाई गावातली असेल तर कर्टल (अंगाबरोबरचा लांब झगा) आणि डोक्याला व्हेल (veil, ओढणीसारखं कापड) किंवा विंपल (गळा-हनुवटी झाकणारं कापड). श्रीमंत असेल तर घोळदार बाह्यांचा झगा, हूपलांड, तो पुरुषही घालायचे. त्याच वर्षांत रंगवलेल्या बेरीच्या ड्यूकच्या 'त्रे रिश झर' या प्रार्थनापोथीत जानेवारीचं पान बघा, खुद्द ड्यूक निळ्या हूपलांडमध्ये जेवायला बसलाय. फेब्रुवारीच्या पानावर शेतकरी भेटतील.

घोड्याच्या तोंडावरच्या पत्र्याला चॅमफ्रन म्हणतात. पण तुमचा धनी इंग्लिश आहे आणि त्या दिवशी इंग्लिश सरदार पायउतार होऊन लढले. घोडा काढायचाच असेल तर मागे, सामानाच्या गाड्यांपाशी.